कोण कोणास म्हणाले?

दिवाळीच्या सुटीत नातू पुण्याहून पंढरपुरास आला होता. कॉलेजात शिकतो. त्याच्या कॉलेजात कथास्पर्धा होती आणि कथेत निम्म्याहून अधिक भाग संवादाचा असावा, अशी अट होती. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. तेव्हा आता आपला सल्ला विचारला जाणार, म्हणून मी चष्मा पुसून तयार बसलो. पण त्याने खिशातून मोबाईल काढला. म्हणाला, "आबा, यात प्रॉम्प्ट जनरेटर आहे. बटण दाबलं की प्रसंग मिळतो. आणि सांगितलं तर संवादही लिहून देतो."

प्रॉम्प्ट हा शब्द आमच्या पिढीला नवा नाही. नाटकाच्या विंगेत हातात वही धरून बसलेला प्रॉम्प्टर आम्ही पाहिला आहे. नट अडखळला की तो हळूच पुढचा शब्द पुरवी. कधी तो इतक्या मोठ्याने पुरवी, की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला तो नटाच्या आधी ऐकू येई. हा नवा प्रॉम्प्टर मात्र विंगेत बसत नाही आणि नाटक लिहिले जाण्याआधीच बोलू लागतो.

नातवाने बटण दाबले. प्रसंग आला : दोन जुने मित्र कॉफीच्या दुकानात भेटतात, त्यांपैकी एकाजवळ एक गुपित आहे. त्याने पुढे संवाद मागितला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीस-पंचवीस वाक्ये पडद्यावर उमटली. एक मित्र म्हणतो, "मला तुझ्याशी प्रामाणिकपणे बोलायचे आहे." दुसरा म्हणतो, "मी तुझ्या भावना समजू शकतो." शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी म्हणालो, "बाळा, आता एक कर. दोघांची नावं झाकून टाक आणि कुठलं वाक्य कुणाचं ते सांग."

त्याने बोटाने नावे झाकली. दोनदा वाचले. मग हसून म्हणाला, "नाही सांगता येत."

वाचकहो, आपण सगळेच लहानपणी एका प्रश्नाला सामोरे गेलो आहोत : कोण कोणास म्हणाले? दोन गुणांचा तो प्रश्न आम्ही सोपा समजत होतो. माझ्या मते संवादलेखनाची सगळी परीक्षा त्या एका प्रश्नात आहे. वाक्य नुसते ऐकून बोलणारा ओळखू आला पाहिजे, आणि तो कुणाशी बोलतो आहे तेही कळले पाहिजे.

आधी माझा कबुलीजबाब

यंत्राला नावे ठेवण्याआधी मला स्वतःचा एक गुन्हा कबूल केला पाहिजे. तीस वर्षे मीच प्रॉम्प्ट जनरेटर होतो. फळ्यावर खडूने लिहायचे : 'झाड आणि माणूस यांच्यातील संवाद लिहा.' 'पेन आणि पेन्सिल यांच्यातील संवाद लिहा.' मग साठ वह्यांतून साठ झाडे एकाच आवाजात 'हे मानवा' अशी हाक मारीत आणि साठ माणसे शेवटी झाडाची क्षमा मागत. मी तांबड्या शाईने 'छान' असा शेरा देई. त्यांतल्या एकाही मुलाच्या घरी कुणी कुणाला 'हे मानवा' म्हणत नव्हते. मधल्या सुटीत हीच मुले गोट्यांवरून भांडताना असे एकेक वाक्य टाकीत, की लेखकाने टिपून ठेवावे. पण तास सुरू झाला की ती तोंडाला कुलूप लावून पुस्तकी बोलू लागत. चूक मुलांची नव्हती. मी त्यांना बोलणारी दोन नावे दिली होती. त्यांना काय हवे आहे, ती कुठे उभी आहेत, त्यांचे आपसात काय बिनसले आहे, यातले काहीच दिले नव्हते.

तेव्हा तक्रार प्रसंग पुरवण्याबद्दल नाही. प्रसंग पुरवणे ही फार जुनी आणि चांगली चाल आहे. इटलीत सोळाव्या शतकात नाटकमंडळ्या कथानकाचा नुसता आराखडा ठरवीत आणि नट त्यावरून रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचीत. आपल्या तमाशातही हेच होते. पूर्वी वगाला लिखित संहिता नसे. सरदाराने कथानक सांगायचे, कोण राजा, कोण प्रधान ते ठरवायचे आणि बोर्डावर गेल्यावर ज्याने त्याने आपल्या हजरजबाबीपणावर बोलायचे. बतावणीत सोंगाड्याला एवढेसे निमित्त पुरे होई.

पुढे पाश्चात्त्यांनी त्याची शास्त्रे केली. जॉर्ज पोल्ती या फ्रेंच लेखकाने १८९५ साली जगातली सगळी नाटके छत्तीस प्रसंगांत बसवून दाखवली. अमेरिकेत विल्यम वॉलेस कुक याने १९२८ साली 'प्लॉटो' नावाचे पुस्तक काढले. त्यात १,४६२ कथाबीजे क्रमांक घालून दिलेली आहेत. आजचा प्रॉम्प्ट जनरेटर हा या पुस्तकांचाच नातू. मुलांसाठी लिहिणारे इटालियन लेखक जान्नी रोदारी यांनी १९७३ साली लिहिलेल्या एका पुस्तकात त्याहून सोपी युक्ती सांगितली. एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे, उदाहरणार्थ कुत्रा आणि कपाट, आणि ते शेजारी ठेवायचे. कपाटातला कुत्रा, कुत्र्याचे कपाट असे म्हणता म्हणता गोष्ट सुरू होते.

वाळवंटातली पात्रे

पण पंढरपूरच्या माणसाला यासाठी इटलीपर्यंत जाण्याचे कारण नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकातच भारुडे लिहिली. आषाढी-कार्तिकीला ती आजही वारीत आणि वाळवंटात रंगतात. नाथांनी काय केले? रस्त्यावर दिसणारा माणूस उचलला. वासुदेव, जोशी, गोंधळी, महार, जोगी, भुत्या. त्या प्रत्येकाला त्याच्या धंद्याची भाषा दिली आणि तिच्या आडून स्वतःला जे सांगायचे होते ते सांगितले. त्यांचा 'हिंदू-तुर्क संवाद' तर नावापासूनच संवाद. त्यात दोघे भांडतात, एकमेकांच्या रीतींवर बोट ठेवतात आणि शेवटी समेटाला येतात. नाथांची चिठ्ठी बहुधा एका शब्दाची असे : कोण? पण त्या एका शब्दामागे बाजारपेठेत उभे राहून केलेले ऐकणे होते.

दुसरे उदाहरण अगदी आमच्या घरचे. द. मा. मिरासदार (१९२७–२०२१) यांचा जन्म अकलूजचा आणि शिक्षण पंढरपूरचे. ते १९९८ साली परळीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या भोकरवाडीच्या कथा आठवून पाहा. गणामास्तर, नाना चेंगट, बाबू पैलवान ही ठरलेली मंडळी जमतात, कुणीतरी एक बातमी आणून टाकतो आणि बोलणे सुरू होते. प्रसंग म्हणाल तर चिमूटभर असतो. पण तीच बातमी नाना चेंगटाच्या तोंडून वेगळी येते आणि बाबू पैलवानाच्या तोंडून वेगळी. नावे झाका, तरी कोण बोलले ते कळते. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार ही त्रयी कथाकथनाला उभी राही, तेव्हा रंगमंचावर एकच माणूस असे, पण प्रेक्षकांना अख्खी चावडी दिसे.

तेव्हा मी नातवाला म्हणालो, "तुझं यंत्र वाईट नाही. त्याला विचारायचे प्रश्न आपण आपले करू या."

डब्यातल्या चिठ्ठ्या

आमच्याकडे दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत लिहू पाहणारी आठ-नऊ माणसे जमतात. एक निवृत्त पोस्टमन, दोन कॉलेजच्या मुली, एक रिक्षावाला, तुळशीमाळा आणि बुक्क्याचे दुकान चालवणाऱ्या एक बाई, असा आमचा वर्ग. त्या रविवारी नातवाला घेऊन गेलो. बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा घेतला, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापल्या आणि चार प्रकार ठरवले : कोण, कुठे, काय हवे आहे, आणि काय बोलायचे नाही.

चौथा प्रकार महत्त्वाचा. माणसे मनातले बोलत नाहीत, मनातल्याच्या भोवती बोलतात. आमच्या भागात कुणी कुणाला 'मला तुझी काळजी वाटते' असे म्हणत नाही. 'स्वेटर घेतलास का?' असे विचारतात. 'माझे चुकले' असे म्हणत नाहीत. 'चहा टाकू?' म्हणतात. मोबाईलच्या संवादात दोन्ही मित्र मनातले सगळे सांगून मोकळे होत होते, म्हणून ते माणसांसारखे वाटत नव्हते.

नातू गणितात हुशार. त्याने लगेच हिशेब केला. पात्रे वीस असली, तर जोड्या १९० होतात. जागा वीस, इच्छा वीस आणि न बोलायच्या गोष्टी वीस धरल्या, तर एकूण १५,२०,००० प्रसंग. आठवड्याला एक म्हटले तरी २९ हजार वर्षे पुरतील. विटेवर उभ्या असलेल्या देवाला तेवढा वेळ असेल, आपल्याला नाही. पण सांगायचा मुद्दा असा की, जनरेटरच्या पोटात याहून फार मोठी जादू नसते. साध्या जनरेटरमध्ये अशाच याद्या असतात आणि यंत्र प्रत्येक यादीतून डोळे मिटून एकेक उचलते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले, तेव्हापासून पुढचे संवाद लिहून देण्याचीही सोय झाली. ते यंत्र अफाट मजकुरावर शिकलेले असते आणि कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द येण्याचा संभव अधिक, हे पाहत वाक्य रचत जाते. म्हणूनच त्याला काही विशेष सांगितले नाही, तर ते पुष्कळ लोक जसे लिहितील तसेच लिहिते. आणि पुष्कळ लोक जसे लिहितील तसे बोलणारा माणूस तर कुठल्याच गावात राहत नाही.

माळवाल्या बाईंना चिठ्ठ्या आल्या त्या अशा : दुकानदार आणि वारकरी, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी दुकानात, वारकऱ्याला माळ हवी आहे, पैसे संपले आहेत हे बोलायचे नाही. बाईंनी पहिल्यांदा लिहिले ते असे :

"माउली, कृपया ही माळ कमी किमतीत द्या. माझ्याजवळ फक्त परतीच्या प्रवासापुरते पैसे शिल्लक आहेत."

"मला तुमची अडचण समजते. मी तुम्हाला सवलत देते."

मी विचारले, "ताई, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक असं बोलतं?" त्या हसल्या. "असं बोललं तर मीच घाबरेन," म्हणाल्या. मग मी सांगितले, घरी जाऊन लिहू नका, दुकानात बसून लिहा. पुढच्या रविवारी त्यांनी वाचून दाखवले :

"केवढ्याला ही?"

"साठ."

"आन् ही?"

"ती बी साठच. एकच माल हाय."

"मागल्या साली चाळीसला नेली."

"कुणाकडनं?"

"तुमच्याकडनंच की."

"मग चाळीस न्हाई, पन्नासला नेली आसंल."

"आमच्या हिला पायजे. ती आली न्हाई औंदा."

"का वो?"

"गुडघं."

"गाडी कितीला हाय तुमची?"

"हाय सांजची."

"घ्या. म्होरल्या वारीला त्यास्नीच घिऊन या. पैसं मी त्यांच्याकडनं घीन."

वाचून झाले तेव्हा खोलीत क्षणभर कुणी बोलले नाही. मग पोस्टमन म्हणाले, "बाई, माळ फुकट दिलीत म्हणा की." बाई म्हणाल्या, "फुकट कुठं? उधार दिली." पैसे संपले आहेत हे दोघांपैकी कुणीही उच्चारले नाही. ते दोघांनाही ठाऊक होते. आणि गाडीची वेळ विचारली, तेव्हा ते ठाऊक असल्याचे आपल्यालाही कळले.

एक माउली, दहा अर्थ

त्याच रविवारी आम्ही डब्यात पाचव्या प्रकारच्या चिठ्ठ्या घातल्या : कोण कोणाला काय म्हणतो? ही चिठ्ठी मला परदेशी पुस्तकांत सापडली नव्हती. इंग्रजीत समोरच्या प्रत्येकाला एकच 'यू'. आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे. शिवाय अहो-अगं आहे, दादा-वहिनी आहे, मास्तर-बाई आहे. एवढेच नव्हे, तर ही संबोधने बोलता बोलता बदलतात. रोज 'तू' म्हणणारी धाकटी बहीण एकाएकी 'तुम्ही मोठी माणसं' म्हणाली, तर घरात वादळ आले असे समजावे. सुनेने सासूला 'अहो आई' ऐवजी नुसते 'अगं आई' म्हटले, तर तिथे प्रेमाची एक पायरी वर चढली. दोघे एकमेकांना काय म्हणतात हे आधी ठरवले, तर निम्मा संवाद आपोआप लिहिला जातो.

पंढरपुरात तर याची शाळाच भरते. आषाढीला लाखो माणसे येतात आणि सगळ्यांना एकच नाव असते : माउली. दर्शनबारीत पोलीस म्हणतो, "माउली, पुढं चला." त्यात हुकूम असतो. ज्याच्या पायावर पाय पडला तो म्हणतो, "माउली!" त्यात कळवळा आणि राग दोन्ही असतात. रिक्षावाल्याची माउली म्हणजे गिऱ्हाईक, फुगेवाल्याची म्हणजे पोर रडते आहे ते पाहा. चुकामूक झालेली म्हातारी चौकात कुणा अनोळखी पोराचा हात धरून 'माउली' म्हणते, तेव्हा त्या शब्दात तिचे सगळे गाव असते. शब्द एकच, पण कोण कोणास म्हणाले यावरून त्याचा अर्थ बदलतो. आमच्या वर्गातला रिक्षावाला म्हणाला, "मास्तर, मी ह्या एका शब्दावर पंधरा वर्षं रिक्षा चालवतोय." मी त्याला म्हटले, "मग तेच लिही." त्याने फक्त 'माउली' या एका शब्दाचे दहा संवाद लिहून आणले. त्या दिवशी वर्गात हसून हसून पुरेवाट झाली.

यंत्राला या गोष्टी सांगता येतात का? येतात, आणि सांगाव्यात. नातवाने नंतर तसे करून पाहिले. त्याने मोबाईलला बजावले, "तू संवाद लिहू नकोस. मला एकेक प्रश्न विचार." मग यंत्राने विचारले, दोघे किती वर्षांपासून ओळखतात, बोलताना त्यांच्या हातात काय काम आहे, कोणाला आधी उठून जायचे आहे. प्रश्न चांगले होते. हातातल्या कामाचा प्रश्न तर मला फारच आवडला. आपल्या घरातली खरी बोलणी समोरासमोर बसून कुठे होतात? ती शेंगा फोडताना होतात, वाळवण घालताना होतात, सायकलचे पंक्चर काढताना होतात. जात्यावर बसल्याशिवाय बायकांना ओवी सुचत नसे, हे आपण विसरलो आहोत.

तेव्हा माझे मत असे. यंत्राला प्रश्न विचारू द्यावेत, अडचणी सुचवू द्याव्यात, दहा जागा मागून त्यांतल्या पहिल्या सात आपण खोडाव्यात. कारण पहिल्या सात सर्वांनाच सुचतात. उत्तर मात्र यंत्राकडून घेऊ नये. तेवढा शब्द आपल्या कानातून यावा. नाहीतर मंगळवेढ्याची आजी, मिरजेचा हमाल आणि नागपूरची मुलगी हे सगळे उद्याच्या कथांत एकाच स्वच्छ, सपाट आवाजात एकमेकांच्या भावना समजून घेतील. आपल्या आज्या ज्या भाषेत रागावल्या, ती भाषा कुठल्याही यादीत राहणार नाही. हे नुकसान स्पर्धेतल्या बक्षिसापेक्षा मोठे आहे.

मला आलेली चिठ्ठी

इथे थांबलो असतो, तर लेख नीट पुरा झाला असता. पण एक गोष्ट राहते. खेळता खेळता कधी खेळ अंगाशी येतो. विजय तेंडुलकरांच्या १९६७ सालच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात हौशी नटमंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात, बेणारेबाईंना आरोपी करतात आणि बघता बघता खटला खरा होतो. माझे तेवढे झाले नाही. पण नातवाने आग्रह केला, "आबा, सगळ्यांना लिहायला लावता, तुम्ही उचला की एक." मी उचलली.

बाप आणि मुलगा. एसटी स्टँड. बापाला हवे आहे की मुलाने जाऊ नये. 'जाऊ नको' हे बोलायचे नाही.

माझे वडील शिवणकाम करीत. १९७४ साली मी कॉलेजसाठी पुण्याला निघालो, तेव्हा ते स्टँडवर आले होते. इतकी वर्षे मी सर्वांना सांगत आलो होतो, की आमचे वडील रुक्ष, त्या दिवशी ते माझ्याशी धड बोललेदेखील नाहीत. चिठ्ठी समोर ठेवली आणि त्यांचे शब्द आठवतील तसे लिहीत गेलो.

"तिकीट?"

"हाय."

"पिशवी खाली ठिवू नको."

"न्हाई."

"दशम्या आजच खा. उद्याला ऱ्हानार न्हाईत."

"बरं."

गाडी सुरू झाली. त्यांनी हाताने पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि कंडक्टरला ओरडून सांगितले, "मास्तर, ह्याला पुण्यात उतरवा बरं का."

लिहिता लिहिता मी थांबलो. ती गाडी पुण्यालाच संपत होती. पुण्याच्या पुढे ती जाणारच नव्हती. हे वडिलांना ठाऊक नव्हते असे नाही, गाडीची पाटी त्यांनीच मला वाचून दाखवली होती. पण गाडी हलली होती आणि त्यांना आणखी काहीतरी बोलायचे होते. मला नाही, तर निदान कंडक्टरला.

तीस वर्षे मी मुलांना 'कोण कोणास म्हणाले' विचारत होतो. हे वाक्य कोण कोणास म्हणाले, ते मला एका बिस्किटाच्या डब्याने विचारले, तेव्हा उत्तर आले. वडील कंडक्टरला म्हणाले. पण ते मला म्हणाले होते.

नातवाने कागद वाचला. काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "आबा, बाबा दर रविवारी फोन करून तुम्हाला विचारतात, 'टाकी भरली का?' तुम्ही म्हणता, 'भरली.' मग फोन ठेवता." मी म्हणालो, "अरे, नळाला पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून विचारतो तो." नातू म्हणाला, "हो का? मग पावसाळ्यात कशाला विचारतात?"

त्या रविवारी मुलाचा फोन आला. टाकी भरली का, म्हणाला. मी म्हटले, "भरली. तू कधी येतोस?" पलीकडे जरा शांतता झाली. मग तो म्हणाला, "येतो पुढच्या आठवड्यात. काही आणू?" मी म्हणालो, "काही नको. स्वेटर घेऊन ये. थंडी पडलीय."

नातवाला बक्षीस मिळाले नाही. पण त्याच्या कथेतल्या रिक्षावाल्याचे बोलणे परीक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवले, असे त्याने कळवले.

मंडळी, एखाद्या रविवारी हे करून पाहा. जेवणे झाल्यावर घरात एखादा रिकामा डबा सापडेल. कॅलेंडरची मागची पाने फाडा आणि पाच प्रकारच्या चिठ्ठ्या करा. कोण, कुठे, काय हवे आहे, काय बोलायचे नाही, आणि कोण कोणाला काय म्हणतो. आजीला एक उचलायला सांगा आणि धाकट्याला एक. लिहिता येत नसेल त्याने नुसते बोलावे, ज्याला येते त्याने टिपून घ्यावे. मोबाईल वापरायचा असेल, तर खुशाल वापरा. त्याला प्रश्न विचारू द्या.

उत्तरे मात्र घरातल्यांनी द्यायची. आणि शेवटी नावे झाकून वाचायचे. कोण कोणास म्हणाले, ते सगळ्यांना ओळखता आले, तर पैकीच्या पैकी गुण.